दिल्ली मेट्रोचं कार्ड आणि आमचा जुना हिशोब



गेल्या आठवड्यात आमच्या महिला मंडळातल्या एकीचा फोन आला. ती आणि तिचे यजमान तीन दिवसांसाठी दिल्लीला निघालेत. मुलगा म्हणतोय, मेट्रोचं टुरिस्ट कार्ड घ्या आणि कितीही फिरा. "तू जाऊन आलीस ना मागे? घेऊ का गं ते?" मी म्हटलं, वही बघून संध्याकाळी सांगते. वही काढली, आणि मग संध्याकाळचा स्वयंपाक आवरून दिवेलागण झाली तरी मी ती वहीच घेऊन बसले होते. त्या वहीत नुसती भाडी लिहिलेली नाहीत. म्हणून आज सगळंच लिहिते. अक्कांना विचारलंय. त्या म्हणाल्या, "लिही, पण रकमा बरोबर लिही."

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या 74 वर्षांच्या, मी 66. डिसेंबर 2024 मध्ये आमच्या मंडळाची हस्तिनापूरची यात्रा निघाली होती. यात्रा छान झाली. परतीच्या वेळी बाकीच्यांची तिकिटं कन्फर्म झाली, आम्हा दोघींची मात्र वेटिंगमध्येच राहिली. पुढचं आरक्षण मिळालं ते सोमवारच्या गोवा एक्सप्रेसचं. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार दिल्लीत काढायचे. चांदणी चौकाजवळच्या एका जैन धर्मशाळेत खोली मिळाली. खाली भोजनशाळा, पाच-सात मिनिटांवर लाल मंदिर. आणखी काय पाहिजे?

खरं सांगायचं तर पाहिजे होतं. अक्का आणि मी वाटणीनंतर अकरा वर्षं एका खोलीत झोपलो नव्हतो. बोलणं होतं, येणं-जाणं होतं, हळदीकुंकू, बारशी, सगळं होतं. पण जेवढ्यास तेवढं. तुमच्यातल्या पुष्कळ जणींना हे सांगायला नको.

आता कार्डाचं. माझा पुतण्या, म्हणजे अक्कांचा मुलगा, फोनवर म्हणत होता, टॅक्सी करा, पैसे मी पाठवतो. आम्हा दोघींनाही ते नको होतं. डिसेंबरची दिल्ली म्हणजे धूर, नाकाला रुमाल, आणि टॅक्सी अर्धा वेळ सिग्नलला उभी. शिवाय मला स्वतःच्या पायांनी फिरायचं होतं. मी बीकॉम झाले 1979 साली. लग्नानंतर दुकानाच्या वह्या लिहिल्या, घरच्या वह्या लिहिल्या, पण परक्या शहरात "आता इकडे जाऊ" असं ठरवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. प्रवासात पाकीट ह्यांच्या खिशात आणि नकाशा ह्यांच्या डोक्यात. मी आपली पिशव्या मोजणार.

तर शुक्रवारी सकाळी दर्शन करून आम्ही चांदणी चौक स्टेशनच्या खिडकीपाशी उभ्या राहिलो. समोर तीन पर्याय होते. एक, प्रत्येक वेळी तिकीट काढायचं. दोन, साधं स्मार्ट कार्ड घ्यायचं. त्यात पैसे भरायचे, प्रत्येक प्रवासाचे कापले जातात, आणि भाड्यात 10 टक्के सूट मिळते. दुपारी 12 ते 5 या कमी गर्दीच्या वेळेत (आणि सकाळी 8 च्या आत, रात्री 9 नंतर) बाहेर पडलं तर आणखी 10 टक्के. तिसरा पर्याय टुरिस्ट कार्डाचा. एका दिवसाचं 200 रुपये, तीन दिवसांचं 500. त्यातले 50 अनामत, कार्ड परत केलं की मिळतात. म्हणजे तीन दिवसांचे खरे 450. मग चढा, उतरा, कितीही वेळा.

अक्का लगेच म्हणाल्या, "ते तीन दिवसांचं घे की. एकदा पैसे दिले की मोजायला नको."

मी मात्र वही उघडली. सवयच ती.

मैत्रिणींनो, 'कितीही' या शब्दाशी आपलं फारसं जमत नाही. अनलिमिटेड थाळीचंच बघा. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, म्हणता म्हणता आपल्या ताटात पोळी, डाळ आणि एखादी भाजी उरते, पण पैसे मात्र बत्तीस पदार्थांचे. कार्डाचंही तसंच. आमचा दिवस किती मोठा? सकाळी अभिषेक, दर्शन, नाश्ता आवरून निघायला दहा. दिल्लीत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो, आपल्या सांगलीपेक्षा अर्धा तास तरी लवकर. त्याच्या आत परत येऊन पाय धुऊन पानावर बसायचं. भोजनशाळा कुणासाठी थांबत नाही आणि थांबूही नये. म्हणजे हातात सात तास. त्यात 74 वर्षांचे गुडघे. दिवसाला चार फेऱ्या झाल्या तरी डोक्यावरून पाणी.

मग मी आमचा कार्यक्रम मांडला. शुक्रवारी मेहरौली, अहिंसा स्थळाला. चांदणी चौक ते कुतुबमिनार, तेव्हाचे भाडे 40 रुपये, जाऊन-येऊन 80. शनिवारी माझ्या भाचीकडे द्वारकेला, सेक्टर 10, जाताना 50 येताना 50. रविवारी राजीव चौकापर्यंत जाऊन जंतरमंतर. रविवारी भाडं एक पायरी कमी असतं, म्हणून 10 आणि 10. एकूण 200, सूट धरून 180 किंवा त्याहूनही थोडे कमी. आणि टुरिस्ट कार्डाचे 450! ते वसूल व्हायला तीन दिवसांत बारा-तेरा लांबचे प्रवास हवेत. आमच्या हातून सहा होणार होते.

लाल मंदिर आणि तिथलं पक्ष्यांचं रुग्णालय पायीच होणार होतं. त्याला कसलं कार्ड? (ते रुग्णालय मात्र चुकवू नका. हिंस्र पक्ष्यांना आत ठेवत नाहीत, त्यांच्यावर बाहेरच्या बाहेर उपचार करून सोडतात. अक्का तिथून हलायलाच तयार नव्हत्या.)

तरी अक्का म्हणाल्या, "असू दे गं, जास्त गेले तर गेले." तेव्हा मी एक मुद्दा काढला, ज्याची मला त्या क्षणी फार ऐट वाटली. अक्का रोज सकाळी देशव्रत घेतात. आज अमुक ठिकाणापलीकडे जाणार नाही, अशी त्या दिवसापुरती मर्यादा. त्या सकाळीही त्यांनी मेहरौलीची मर्यादा घेतली होती. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही तर रोज सीमा आखून घेता. मग हे बिनसीमेचं कार्ड कशाला हवं?"

त्या काही बोलल्या नाहीत. "बरं, तुझं खरं," एवढंच. मी दोन स्मार्ट कार्डं घेतली, प्रत्येकात प्रवासाचे 200 रुपये भरले. दोघींना दोन कार्डं लागतातच, बरं का. एकाच कार्डावर दोघी आत जाता येत नाही, गेट एकीलाच सोडतं. आणि ज्येष्ठ नागरिक म्हणून भाड्यात सवलत मिळेल असं समजून खिडकीपाशी आधार कार्ड काढू नका. मी काढलं होतं. तिथल्या मुलाने ते आदराने परत केलं.

मेहरौलीचा दिवस चांगला गेला. टेकडीवर पद्मासनातली महावीरांची मोठी मूर्ती, भोवती बाग, आणि इतकी शांतता की आपण दिल्लीत आहोत हे विसरायला होतं. मेट्रोत खायला मनाई आहे, म्हणून बाहेरच सावलीत बसून दशम्या आणि शेंगाची चटणी खाल्ली. उकळलेलं पाणी बरोबर होतंच.

परत निघताना घोटाळा झाला. कुतुबमिनार स्टेशनवर पिशव्या यंत्रातून तपासतात आणि बायकांची तपासणी पडद्याआड वेगळी होते. माझी पिशवी आली. अक्कांच्या पिशवीतला स्टीलचा डबा बघून तिथल्या बाईंनी ती बाजूला घेतली. गर्दी मागून ढकलत होती. मी कार्ड लावून आत गेले, वर गेले, तेवढ्यात गाडी आली. पहिला डबा बायकांचा असतो. अक्का माझ्या मागेच आहेत अशा समजुतीने मी चढले. वळून बघते तर मागे एक कॉलेजची मुलगी. दार मिटलं.

अक्कांचा फोन माझ्या पर्समध्ये होता. त्यांच्या पिशवीची चेन खराब झाली म्हणून सकाळी मीच ठेवून घेतला होता. हिंदी त्यांना समजतं, पण बोलताना कानडी, मराठी, हिंदी सगळं एकत्र येतं. पुढच्या स्टेशनवर उतरून मागे जावं, तर तेवढ्यात त्या पुढे निघाल्या तर? आम्ही आधी काही ठरवलं नव्हतं. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं हे पोरांना आपण जत्रेत शिकवतो, स्वतः मात्र विसरतो. मी ठरवलं, चांदणी चौकालाच उतरायचं आणि गेटबाहेर उभं राहायचं. अक्का शहाण्या आहेत, तिथेच येतील. गाडी भुयारात शिरली. मी णमोकार म्हणत होते आणि स्टेशनं मोजत होते. ह्यांना काय सांगू, पुतण्याला काय सांगू, हेच डोक्यात.

मी बाहेर पडले तेव्हा घड्याळात पाचला चार कमी होते. एक गाडी आली, लोंढा बाहेर पडला, अक्का नाहीत. मग पाच वाजून तीन मिनिटांनी त्या दिसल्या. डोक्यावरचा पदर नीट, हातात पिशवी, चालण्यात घाई नाही. कार्ड लावलं, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्या बाईंना डबा उघडून दाखवला. चटणीचा वास घेऊन म्हणाली, छान आहे." एवढंच. मला तिथेच रडू आलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल, दिवस मावळतोय."

भोजनशाळेत पोचलो तेव्हा पंगत उठत आली होती. पण जेवण मिळालं.

रात्री खोलीत मी वही काढली. दिवसभराचं लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. अक्का कॉटवर बसून माळ ओढत होत्या. गेटमधून बाहेर पडताना कार्डात किती उरले ते दिसतं. माझ्यात 132 उरले होते. अक्कांना विचारलं, तर म्हणाल्या 128. मी मान वरही न करता म्हटलं, "अक्का, तुमचा हिशोब जुळत नाही."

माळ थांबली.

"पुन्हा मीच का गं?" त्या म्हणाल्या.

मैत्रिणींनो, आता 2013 सालात जावं लागेल. आमच्या घरची वाटणी झाली ते साल. दुकानाच्या वह्या मी लिहीत असे. घरखर्चाचा डबा अक्कांकडे, त्याची वही त्या लिहीत. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण अक्षर मोत्यासारखं. वाटणीच्या दिवशी सगळे बसले होते. सासूबाई, थोरले दीर, आमचे हे, नणंदबाई, मुलं. दोन्हीकडच्या वह्या मी तपासत होते, मोठ्या अधिकाराने. आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "घरखर्चाचा हिशोब जुळत नाही. अठराशे रुपये कमी येतात." कुणी काही बोललं नाही. थोरल्या दिरांनी खिशातून अठराशे काढून ठेवले. अक्का उठून आत गेल्या. रक्कम काय हो, तेव्हाही फार नव्हती. पण तीस वर्षं ज्या बाईच्या हातात घरचा डबा होता, तिच्याबद्दल मी ते चारचौघांत म्हणाले.

दोन महिन्यांनी जुन्या वह्या बांधून ठेवताना मला ते सापडलं. एका पानावरची रक्कम पुढच्या पानावर नेताना मी 3,500 चे 5,300 धरले होते. आकडे उलटे. फरक बरोबर 1,800. कॉमर्सच्या कुठल्याही विद्यार्थ्याला शिकवतात, फरकाला नऊने भाग जात असेल तर आधी आकड्यांची उलटापालट झाली का ते बघा. 1,800 ला नऊने भाग जातो. मी ते बघितलंच नव्हतं. का बघितलं नव्हतं, याचं उत्तर मला आवडणारं नाही. अक्कांच्या हातून चूक झाली असेल हे मला लगेच पटलं होतं, म्हणून.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "झालं गेलं, आता कशाला उकरून काढतेस?" मलाही तेच ऐकायचं होतं. अठराशे रुपये कसल्यातरी निमित्ताने पुतण्याच्या मुलीच्या हातावर ठेवले आणि मनाशी खातं बंद केलं.

आणि आता धर्मशाळेत, चार रुपयांसाठी, तेच वाक्य माझ्या तोंडून गेलं होतं.

अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणून सकाळी म्हणत होते, ते मोजायचं नसलेलं कार्ड घे. तुझ्या वहीत मला पुन्हा जायचं नव्हतं."

मी वही बघत राहिले. आणि सकाळी मीच लिहिलेली ओळ दिसली: 12 ते 5, आणखी 10 टक्के. मी चार छप्पन्नला बाहेर पडले, मला 40 चे 32 पडले. अक्का पाच वाजून तीन मिनिटांनी, त्यांना 36. फरक चार रुपये. आणि तो पडला कशामुळे, तर मी त्यांना मागे टाकून गाडीत चढले म्हणून.

मी ते सांगितलं. मग तिथेच न थांबता अठराशेचंही सांगितलं. 3,500 आणि 5,300 वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवले. हात थरथरत होता.

अक्का बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "कधी कळलं तुला?"

"दोन महिन्यांत."

"म्हणजे अकरा वर्षं."

"हो."

"आणि दर वर्षी क्षमावाणीला हात जोडून उत्तम क्षमा म्हणत होतीस. ती कशाची होती मग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. दशलक्षण पर्व संपलं की आपण सगळ्याजणी हात जोडतो, जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर, असं म्हणतो. मीही म्हणायची. त्या 'काही'मध्ये मी अठराशे रुपये गुंडाळून टाकत होते, आणि अक्काही हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणत होत्या, त्यांना कशाची क्षमा मागितली जातेय हे न कळताच. त्यांनी दिवा मालवला.

शनिवारी द्वारकेला जाताना त्या फारशा बोलल्या नाहीत. राजीव चौकात गाडी बदलताना इतकी गर्दी होती की त्यांनी माझा हात घट्ट धरला, पण तो गर्दीमुळे. भाचीकडे जेवण झालं, तिच्या बाळाला अक्कांनी मांडीवर घेतलं, त्याच्याशी मात्र खूप बोलल्या. दुपारी लवकरच निघालो. या वेळी आधीच ठरवलं होतं: चुकामूक झाली तर दुसरीने पुढच्या गाडीने यायचं आणि पहिलीने उतरून गेटबाहेर थांबायचं. अक्कांचा फोन अक्कांच्या कमरेला. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. दोन-तीन स्टेशनं गेल्यावर त्या समोर बघतच म्हणाल्या, "ज्यांच्यासमोर म्हणालीस, त्यांच्यासमोर सांगशील?"

मी म्हटलं, सांगेन.

"सासूबाई गेल्या. आमचे हे गेले. जे आहेत त्यांच्यासमोर तरी."

पुन्हा हो म्हटलं. त्यावर त्यांनी विचारलं, "हे द्वारका म्हणजे कृष्णाचं नव्हे ना?" आणि आम्ही दोघी हसलो. नेमिनाथांची, कृष्णाची द्वारका गुजरातेत, आणि इथे दिल्लीच्या टोकाला इमारतींचं जंगल. रविवारी जंतरमंतर बघितलं. एवढी मोठमोठी दगडी यंत्रं सूर्याची सावली मोजायला बांधलेली बघून अक्का म्हणाल्या, "हाही तुझ्यासारखाच होता म्हणायचा." सवाई जयसिंगाला ही उपमा कशी वाटली असती कोण जाणे.

संक्रांतीला सगळे आमच्याकडे जमले. मी 2013 ची वही माळ्यावरून काढून ठेवली होती. तिळगूळ झाल्यावर पान उघडून सगळ्यांसमोर सांगितलं: चूक अक्कांची नव्हती, माझी होती, आणि मला ती अकरा वर्षांपासून माहीत होती. पुतण्या हसून म्हणाला, "काकू, अठराशेसाठी एवढं?" अक्का हसल्या नाहीत. नणंदबाईंनी डोळ्याला पदर लावला. आमचे हे उठून बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांनाही माहीत होतं हे मी सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या उठण्यावरून सगळ्यांना कळलं असावं. थोरल्या दिरांनी खिशातून काढून ठेवलेले ते अठराशे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. ते त्या दिवशी बायकोच्या बाजूने एक शब्द बोलले नव्हते. त्यांना काय वाटलं असेल, हे आता विचारायचं कुणाला?

असो. फोन केलेल्या मैत्रिणीला उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते दिलं. 25 ऑगस्ट 2025 पासून दिल्ली मेट्रोची भाडी वाढली आहेत. कमीत कमी 10 होतं ते 11 झालं, जास्तीत जास्त 60 होतं ते 64. आमचे 40 चे 43 आणि 50 चे 54 झाले. तरीसुद्धा माझं गणित बदलत नाही. कागदावर आधी ठिकाणं लिहा. मग दर्शनाला, जेवणाला, गुडघ्यांना लागणारा वेळ वजा करा. दिवस मावळायच्या आत परतायचं असेल तर तेही. उरलेल्या वेळात खरोखर किती फेऱ्या होतील ते मोजा, आणि मगच कार्डाची किंमत विचारा. दिल्लीत आपल्यासारखीला साधं कार्ड पुरतं. सगळीकडे तसंच असेल असं नाही. पुण्याला मुलीकडे गेले की मी पीएमपीचा दिवसाचा पास काढते, कारण तिथे माझ्या बसने पाच-सहा फेऱ्या सहज होतात. आणि दुपारचा पाचचा काटा लक्षात ठेवा, चार रुपये वाचतात. पण चार रुपयांसाठी कुणाला मागे टाकून गाडीत चढू नका.

शिवाय तिला हेही म्हटलं की यजमानांना मोजायला आवडत नसेल, तर बाई, सरळ टुरिस्ट कार्ड घे. अडीचशे-तीनशे जास्त जातील. काही माणसांसाठी तो खर्च वावगा नाही, हे मला त्या खिडकीपाशी कळायला हवं होतं.

अक्कांची आणि माझी दोन्ही कार्डं अजून आहेत, परत केली नाहीत. आता त्यांच्या मनात मुंबई आहे. मुंबईच्या लोकलचं एक, तीन किंवा पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट मिळतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलंय. मी म्हटलं, बघू, आधी फेऱ्या मांडू. तर म्हणाल्या, "मांड की. पण या वेळी वही माझ्याकडे राहील."